जुनं मोटरहोम, पानगळीचे तीन आठवडे आणि दोघंच: निघावं की थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वीसेक वर्षं जुनं, साडेसहा मीटरचं डिझेल मोटरहोम सेकंडहँड घेतलंय, पानगळीचे रंग बघत तीन आठवडे डोंगराळ भागातून फिरायचंय, तुम्ही दोघंच, मिस्टरांनी इंजिन, क्लच, टायमिंग बेल्ट सगळं गॅरेजमधून करून घेतलंय, आणि आता विचारताय की एवढं पुरे का, रात्री हीटर चालू ठेवून झोपलं तर चालतं का, नवीन डिझेल हीटर बसवून घ्यावा का, की सरळ वसंतापर्यंत थांबावं.

निघा. थांबायचं काही कारण दिसत नाही. पण मी बरीच वर्षं जुनी मोटरहोम दुरुस्त करतोय, आणि बायकोबरोबर जुन्याच गाडीतून फिरतोय, त्यावरून सांगतो की इंजिनामुळे ट्रिप अर्धवट सोडलेली माणसं मला फार कमी भेटली आहेत. इंजिनाची धास्ती सगळ्यांनाच असते त्यामुळे त्याची काळजी घेतली जाते. या दिवसांत जुन्या गाडीला खरं छळतं ते पाणी, छतातून झिरपणारं, काचेवर आतून साचणारं आणि पाइपात गोठणारं, आणि त्याच्या जोडीला लवकर पडणारा अंधार. मिस्टरांच्या यादीत या दोन्हीतलं काहीच नाहीये म्हणून त्यावरच जास्त लिहितो, बाकीचं पटपट उरकतो.

पहिलं काम म्हणजे गळती शोधणं. त्या काळातली बरीचशी कोचबिल्ट (म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर राहायचा डबा वेगळा बांधलेली) मोटरहोम अशी बनवायचे की बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पत्रा, मधे थर्माकोलसारखा फोम आणि लाकडी पट्ट्या, आतून पातळ प्लायवूड, म्हणजे एकदा पाणी आत शिरलं की ते लाकडात मुरत राहतं आणि बाहेरून वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या असतात: छताच्या कडेच्या पट्ट्या, रूफ व्हेंटच्या, म्हणजे छतावरच्या हवेच्या झडपेच्या, चौकटी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेल्या बेडची खिडकी आणि तिथलेच कोपरे, मागचे दिवे, छतावरच्या रॅकचे आणि सोलर पॅनलचे स्क्रू. आतून प्रत्येक कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बघा, कपाटांच्या आत आणि बेडखालीसुद्धा, कुठे मऊ लागलं, वॉलपेपर फुगलेला दिसला, किंवा गाडी चार दिवस बंद ठेवून उघडल्यावर कुबट वास आला तर समजायचं. एक मॉइश्चर मीटर घ्या, साधा पिनवाला चालतो. ढोबळ हिशेब असा की १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर गेलं की पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं, आणि ३० च्या वर म्हणजे लाकूड बहुतेक सडायला लागलेलं असतं. धातूच्या पट्टीजवळ किंवा स्क्रूवर मीटर खोटं जास्त दाखवतो, तेवढ्याने घाबरून जाऊ नका, आसपास चार ठिकाणी लावून बघा. सगळे आकडे गाडीचं साधं चित्र काढून त्यावर लिहून ठेवा, कारण एकट्या आकड्यापेक्षा तो वाढतोय की कमी होतोय हे जास्त कामाचं.

मग पाइपने पाणी मारून बघायचं, आणि याला दोघं लागतातच. एकजण बाहेर साध्या नळीने (प्रेशर वॉशर अजिबात नको, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घुसवतो) खालपासून सुरू करून हळूहळू वर, एका वेळी एकच सांधा, दहा-दहा मिनिटं, आणि दुसरा आत टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. शिवाय पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे, पट्टीच्या आतून मीटरभर सरकत जाऊन भलत्याच कोपऱ्यात निघतं, त्यामुळे जिथे डाग आहे तिथेच सीलंट फासून उपयोग नसतो. आणि सिलिकॉन वापरू नका. आधीच्या मालकाने हमखास वापरलेलं असणार, कारण ते सगळीकडे मिळतं, पण जुन्या सिलिकॉनवर नंतर काहीच नीट चिकटत नाही, आधी ते खरवडून काढण्यातच दिवस जातो. पट्टीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) आणि वरून छताचं सीलंट किंवा पॉलियुरेथेन, ही जोडी चालते. छत रबराचं असेल तर कुठलं सीलंट चालतं ते ट्यूबवर वाचूनच लावा, आणि पेट्रोल-थिनरने पुसू नका, रबर फुगतं. जागा कोरडी हवी आणि हवा फार गार नको, बहुतेक सीलंटना निदान पाच-दहा डिग्री तापमान लागतं, म्हणजे हे काम निघायच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका. प्रवासात गळती निघालीच तर तात्पुरतं भागवायला चिकटणारी रुंद वॉटरप्रूफ टेप आणि एक ताडपत्री बरोबर असू द्या.

पानांचा वेगळा ताप असतो. विंडस्क्रीनच्या खाली वायपरजवळ जी खाच असते तिच्यातून पाणी वाहून जायला छोटी भोकं असतात, ती ओल्या पानांच्या लगद्याने बुजली की पाणी तिथे साचतं आणि मग इंजिनावर, हीटरच्या पंख्यात नाहीतर फ्यूज बॉक्सकडे जातं. तेव्हा रोज सकाळी निघताना हाताने ती खाच साफ करा, दोन मिनिटांचं काम आहे. छतावर साचलेली पानं पण काढत जा, ओली पानं व्हेंटच्या कडेला दाटली की सांधा सतत ओला राहतो. म्हणूनच मी झाडाखाली गाडी लावायच्या विरोधात आहे, फोटोला छान दिसतं हे कबूल, पण चीक पडतो, रात्रभर फळं-बिया टपटप पडून झोप लागत नाही, पाऊस थांबल्यावरही तासभर वरून गळत राहतं, सोलर पॅनलला ऊन मिळत नाही, आणि वारा सुटला की वाळकी फांदी कधी येईल सांगता येत नाही. झाडांच्या समोर लावा, झाडांच्या खाली नको.

आता आतलं पाणी, जे तुम्ही दोघंच तयार करणार आहात. झोपेत श्वासातून ओलावा जातो, ओले जॅकेट, टॉवेल, वर स्वयंपाकाची वाफ, आणि गॅस जळतानासुद्धा पाणी तयार होतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. शेगडीच्या बाबतीत हे सगळं गाडीतच राहतं. बाहेर गारठा असला की ते काचेवर, खिडक्यांच्या प्लॅस्टिक चौकटींवर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गादीच्या खाली जाऊन बसतं. गादी थेट प्लायवर असेल तर खाली जाळीदार मॅट किंवा लाकडी पट्ट्या घाला, नाहीतर आठवडाभरात गादीची खालची बाजू ओली आणि दोन आठवड्यांत बुरशी. पुढच्या काचेला थर्मल कव्हर बाहेरून लावा. आतून लावलं की काच गारच राहते आणि पडद्यामागे पाणी साचतं, बाहेरून लावलं की काच तुलनेने उबदार राहते, फरक पहिल्याच सकाळी दिसतो. रूफ व्हेंट बोटभर उघडा ठेवा, शेगडी चालू असताना जास्त. थंडी लागते म्हणून सगळं घट्ट बंद करून झोपायची इच्छा होते, पण त्याने उलट होतं, ओल्या हवेत अंथरूणही दमट होतं आणि जास्तच गार वाटतं. आणि जमिनीलगत ज्या कायमच्या फटी किंवा जाळ्या आहेत त्या कापड कोंबून बुजवू नका, त्या गॅससाठी आहेत. त्यावर पुढे येतोच.

गोठण्याचं म्हणाल तर या सीझनमध्ये फार घाबरायचं कारण नाही पण उंचावर मुक्काम असेल तर पारा रात्री शून्याखाली जाऊ शकतो. आतली टाकी तास-दोन तासांत गोठत नाही, आधी जातात त्या बाहेरून गेलेल्या पाइपा, सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह आणि बाहेर पसरून ठेवलेली पाण्याची नळी. म्हणून टाकी भरून घ्यायची, नळी काढून आत ठेवायची. गॅसवर चालणारा बॉयलर असेल तर त्याला बहुतेक एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, साधारण ३ डिग्रीच्या आसपास तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं सगळं पाणी गाडीखाली सोडून देतो. नवीन मालक पहाटे गाडीखालचं तळं बघून टाकी फुटली म्हणून घाबरतात, ती फुटलेली नसते. त्या कोपऱ्यात उब पोहोचू द्या, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या कपाटात आहे त्याचं दार रात्री उघडं ठेवा, एवढ्यानेच बहुतेक वेळा भागतं.

हीटर रात्रभर ठेवायचा का, याचं उत्तर तुमचा हीटर कुठल्या प्रकारचा आहे त्यावर आहे. ज्याची जळणासाठीची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो, म्हणजे ज्याची ज्योत गाडीच्या आतल्या हवेपासून पूर्ण वेगळी असते, तो सर्व्हिस झालेला असेल तर मंद ठेवून झोपायला हरकत नाही. ज्याची ज्योत किंवा तापलेली जाळी आतल्याच हवेवर चालते तो झोपताना बंद म्हणजे बंद. शेगडी उबेसाठी कधीच नाही, पाच मिनिटंही नाही. जुन्या हीटरची धुराची नळी आणि तिचे सांधे बघून घ्या, गंजलेली किंवा तडकलेली असेल तर बदला. उन्हाळाभर गाडी उभी असेल तर बर्नरमध्ये कोळ्याची जाळी असण्याची शक्यता खूप, कोळ्यांना त्या जागा का आवडतात कोण जाणे, पण फ्रिजच्या गॅस बर्नरमध्ये तर नेहमीच सापडतात, आणि मग ज्योत निळी न राहता पिवळी होते, काजळी धरते. पिवळी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होत असण्याची खूण. बाहेरून धुराच्या तोंडाशी पानं चिकटली नाहीत ना हे पण मुक्कामाला बघायचं.

अलार्म दोन लागतात, आणि वेगवेगळ्या जागी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीजवळ, आणि मगाशी म्हटलं त्या खालच्या फटी पण त्याचसाठी, गळालेला गॅस तिथून बाहेर पडावा म्हणून. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून राहतो, त्याचा अलार्म झोपायच्या जागेजवळ. जुन्या गाडीत आधीच लावलेला अलार्म असेल तर त्यावरची तारीख बघा, त्यातल्या सेन्सरचं आयुष्य मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षं असतं, आणि टेस्टचं बटन दाबून आवाज आला म्हणजे सेन्सर चांगला आहे असं नाही, ते बटन फक्त बझर आणि सर्किट तपासतं. दोघांचंही एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळतंय, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, असं झालं तर प्रवासाचा थकवा म्हणून सोडून देऊ नका, गाडी उघडा, बाहेर या, डॉक्टरकडे जा, आणि हीटर तपासल्याशिवाय परत लावू नका.

सिलिंडर कुठला हेही बघा. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली, साधारण उणे ०.५ डिग्रीलाच वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. म्हणजे सिलिंडर भरलेला असूनही पहाटे हीटर बंद पडला तर तो ब्यूटेन असतो, आणि मग दोघांपैकी कोणीतरी थंडीत बाहेर जाऊन रेग्युलेटरशी झटापट करत बसतं. प्रोपेनच घ्या, दोन सिलिंडर, आपोआप बदलणारा रेग्युलेटर मिळाला तर उत्तम. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, जुनी असेल तर बदलून टाका, ती काही महागाची वस्तू नाही, आणि सांधे साबणाच्या पाण्याने तपासा.

अंधाराचं आता. पानगळीत उत्तरेकडच्या, म्हणजे ४५-५० अक्षांशाच्या भागात, दिवस रोज तीन-साडेतीन मिनिटांनी लहान होत जातो, म्हणजे तीन आठवड्यांत तासाभरापेक्षा जास्त उजेड गेलेला असतो, आणि जिथे घड्याळं मागे करतात तिथे (युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या) संध्याकाळ अचानक आणखी एक तास अलीकडे येते. पहिल्या आठवड्यात जमलेलं वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात जमत नाही ते यामुळे. आरव्हीवाल्यांमध्ये (अमेरिकेत मोटरहोमला आरव्ही म्हणतात) एक ३-३-३ चा नियम सांगतात, दिवसाला ३०० मैल, दुपारी तीनच्या आत पोचायचं, तीन रात्री मुक्काम. तीनच्या आत पोचणं मला पूर्ण मान्य, पण ३०० मैल म्हणजे ४८० किलोमीटर, जुन्या गाडीने डोंगरात हे वेड्यासारखं आहे. दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर धरा, नकाशावर जो वेळ दाखवतो त्यात निदान तिसरा हिस्सा वाढवा, आणि दोन चालायचे दिवस झाले की एक बसायचा. उजेडात पोचलं की जमीन ओली आहे का, फांदी खाली आलीये का, सकाळी निघायला तोंड कुठे करावं हे सगळं दिसतं. अंधारात, पावसात, अनोळखी जागी साडेसहा मीटरची गाडी रिव्हर्स घ्यायची म्हणजे दोघांचं भांडण ठरलेलंच.

पहाट आणि तिन्हीसांज तशीही टाळायची कारण याच दिवसांत हरणांचा माजाचा काळ असतो, ती न बघता रस्त्यावर येतात, आणि जुन्या जड गाडीचं ब्रेकिंग नवीन कारसारखं नसतं. प्राणी समोर आला तर सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग झटकन वळवायचं नाही, उंच गाडी उलटू शकते. सूर्य पण दिवसभर खालीच असतो, समोरून डोळ्यात येतो, काच आतून रोज पुसलेली नसेल तर एका क्षणात सगळं पांढरं दिसतं. वायपरची रबरं नवीन घाला.

ब्रेकच्या बाबतीत मिस्टरांनी पॅड बघितले असतील, पण फ्लुइड कधी बदललंय ते विचारा. ते हवेतला ओलावा शोषतं, डॉट ४ या नेहमीच्या प्रकारच्या फ्लुइडचं उकळायचं तापमान नवीन असताना २३० डिग्रीच्या वर असतं आणि ओलावा मुरल्यावर १५५ च्या आसपास येऊ शकतं, म्हणजे लांब घाट उतरताना ते उकळून पेडल थेट तळाला जाऊ शकतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि उभ्या राहिलेल्या गाड्यांचं कोणीच बदललेलं नसतं. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबायचा आणि सोडायचा, सतत पाय ठेवायचा नाही. मागे गाड्या साचल्या तर जागा बघून बाजूला घ्या, जाऊ द्या त्यांना.

टायर. मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि आत रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ३२१६ असेल तर २०१६ सालातला ३२ वा आठवडा. सात वर्षांच्या पुढे मी संशयाने बघतो, दहाच्या पुढे असतील तर कितीही छान दिसोत, बदला, आणि स्पेअरचा कोड विसरू नका, तो बऱ्याचदा गाडीइतकाच जुना असतो. हवा किती भरायची ते वजनावर ठरतं म्हणून पूर्ण भरलेली गाडी, तुम्ही दोघं, पाणी, गॅस सगळ्यासकट वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा तोलून घ्या. ३५०० किलो मर्यादेच्या जुन्या गाड्यांमध्ये सामानासाठी जेमतेम जागा उरलेली असते, आणि गारठ्याच्या दिवसांत पांघरुणं, बूट, जास्तीचा सिलिंडर असं वजन वाढतंच. मागच्या रॅकवर दोन सायकली म्हणजे ॲक्सलच्या बऱ्याच मागे लटकलेलं वजन, ते मागच्या ॲक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढची चाकं हलकी करतं, आणि तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल (बहुतेक असणार) तर ओल्या गवतावर ती जागची हलत नाही. मुक्कामाला गवताऐवजी कडक, पक्क्या जमिनीची जागा मागून घ्या. गवतावरच लावावी लागली तर तोंड बाहेरच्या बाजूला, शक्यतो उताराकडे, आणि निघताना दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू. चाक फिरायला लागलं की थांबा, रेटलं तर फक्त खड्डा होतो.

बॅटरीबद्दल थोडंसं: रात्र मोठी, हीटरचा पंखा चालू, सोलर अर्धमेला, म्हणजे उन्हाळ्यात पुरणारी बॅटरी आता पुरत नाही. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं विश्रांतीतलं (चार्जिंग आणि वापर दोन्ही बंद असतानाचं) व्होल्टेज १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, त्याच्याखाली नेऊ नका. जुने हॅलोजन दिवे काढून एलईडी लावले तर दहा वॅटचं काम दोन वॅटमध्ये होतं, सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच. लिथियम घालायचा मोह होईल, पण ती शून्याखाली चार्ज करायची नसते आणि जुन्या अल्टरनेटरला थेट जोडली तर तो तापून जळू शकतो, मधे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरवरचा भार मर्यादेत ठेवणारा चार्जर, लागतो. या ट्रिपपुरतं सोडा. दर दोन-तीन रात्रींनी विजेची सोय असलेल्या ठिकाणी राहिलात की प्रश्नच मिटतो.

रस्ता ठरवताना वरून खाली या. रंग आधी उंचावर आणि उत्तरेकडे येतात, मग हळूहळू खाली सरकतात, त्यामुळे पहिला आठवडा उंच भागात काढून मग खोऱ्यांत उतरलात तर रंग तुमच्याबरोबर चालतात, आणि खिंडी बर्फाने बंद व्हायच्या आत तुम्ही खाली आलेले असता. बरेच कँपसाइट या काळात बंद होतात, काही उघडे असतात पण नळ बंद केलेले असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून दोनच गोष्टी विचारायच्या, पाणी चालू आहे का आणि टॉयलेट रिकामं करायची जागा उघडी आहे का. शनिवार-रविवारचं बुकिंग आधी करा, बाकी मोकळं ठेवा, कारण एका वादळी रात्रीत सगळी पानं गेली असं होतं आणि मग दुसरीकडे वळता आलं पाहिजे. गाडीची खरी उंची मोजून, छतावरच्या सगळ्या वस्तूंसकट, डॅशबोर्डवर चिकटवा, ब्रोशरमधली उंची धरू नका.

आणि तुम्हा दोघांबद्दल, विचारलं नाहीत तरी. दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे, निदान पार्किंगमधून मेन रोडला आणि तिथून हॉस्पिटलपर्यंत, दोघांनाही गॅसचा मेन कॉक आणि बॅटरीचा मेन स्विच डोळे मिटून सापडला पाहिजे. रिव्हर्स घेताना मागे उभं राहणाऱ्याने आरशात दिसत राहायचं, दिसला नाही की गाडी थांबली, आणि ओरडण्याऐवजी फोन लावून स्पीकरवर बोला, आमच्याकडे तरी त्याने फार शांतता आली. निघताना एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने करायचं, पायरी आत, गॅस बंद, व्हेंट बंद, वायर काढली. प्रवास सलग तीन दिवस पाऊस लागला की कठीण होतो. सगळं ओलं, कुठेच वाळत नाही, बसायला एकच टेबल. अशा वेळी एक रात्र खोली घेऊन कपडे, गादीची कव्हरं सगळं वाळवून घ्या. यात काही कमीपणा नाही, मी तर बजेटमध्येच धरतो. ओल्या जॅकेटसाठी शॉवरची जागा, वरचा व्हेंट उघडा, दार बंद.

ब्रेकडाउन कव्हर घेताना गाडीचं वजन, लांबी आणि वय सांगूनच घ्या, कारवाल्या पॉलिसीत ३५०० किलोच्या वरची किंवा फार जुनी गाडी बऱ्याचदा उचलत नाहीत आणि ते कळतं रस्त्यावर उभं राहिल्यावर. आणि मोठ्या ट्रिपच्या आधी घरापासून तासाभरावर दोन रात्री काढा, मुद्दाम पावसाचा नाहीतर गारठ्याचा अंदाज असलेल्या. निम्म्या अडचणी तिथेच निघतील.

राहिला डिझेल हीटर. चांगली वस्तू आहे, गॅस वाचतो, कोरडी उब मिळते, पण बसवायचा म्हणजे डिझेलच्या टाकीला फाटा काढायचा, जमिनीत भोक पाडायचं, धुराची नळी नीट बाहेर न्यायची, सुरू होताना काही मिनिटं तो आठ-दहा अँपिअर खेचतो म्हणजे वायरिंग पण जाड हवं. निघायला महिना राहिला असताना घाईत बसवलेल्या हीटरपेक्षा सर्व्हिस करून प्रेशर टेस्ट झालेला जुना गॅस हीटर मला जास्त भरवशाचा वाटतो. तेव्हा आत्ता त्याची सर्व्हिस करून घ्या. परत आलात की मॉइश्चर मीटरचे आकडे पुन्हा त्याच जागी घेऊन बघा, भिंती कोरड्या राहिल्या असतील तर हिवाळ्यात निवांतपणे डिझेल हीटर बसवा, आणि आकडे चढले असतील तर ते पैसे आधी छतावर घाला.